जास्त लाभांश देणारे शेअर्स घेऊन नियमित उत्पन्न: कितपत भरवशाचं?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

नोकरी संपली. पेन्शन आहे, पण तेवढ्यात हात आखडूनच राहावं लागतं. एकरकमी मिळालेल्या पैशातला साधारण अर्धा भाग मुदत ठेवींत ठेवलाय, तो तसाच राहील. उरलेल्या अर्ध्याचे लाभांश देणारे शेअर्स घ्यावेत असा विचार आहे. एका संकेतस्थळावर सगळ्या कंपन्या लाभांश यील्डप्रमाणे उतरत्या क्रमाने लावता येतात. त्यातल्या वरच्या १५ घेतल्या तर सरासरी यील्ड ९ टक्क्यांच्या पुढे जातं. ठेवींचं व्याज त्याच्या जवळपासही नाही.

भाव पडेल म्हणून लोक घाबरवतात. पण मला विकायचंच नाही! झाड आपलं, फळं खायची, लाकडाचा भाव रोज कशाला बघायचा?

तरी तीन शंका आहेत. यात काही निसटतंय का? १५ कंपन्या पुरेत का? आणि दरमहा ठरावीक रक्कम हातात पडेल अशी सोय करता येते का? जाणकारांनी कृपया सांगावं.

काथ्याकूट

पहिली रांग पकडली आहे. मुद्दलाला हात न लावता नऊ टक्के मिळवायचे हे दर दोन वर्षांनी इथे कुणीतरी विचारतंच, आणि दर वेळी मारामाऱ्या होतात. :)

वजाबाकी

काका, यादी उतरत्या क्रमाने लावलीत, गोची तिथेच आहे.

यील्ड म्हणजे वर्षाचा लाभांश भागिले आजचा भाव. शेअर १०० ला आहे, लाभांश ६, म्हणजे यील्ड ६ टक्के. आता कंपनीचं काहीतरी बिनसतं आणि भाव ६० वर येतो. लाभांश अजून जुनाच छापलेला असतो, त्यामुळे यील्ड होतं १० टक्के आणि कंपनी उडी मारून तुमच्या यादीत वर येते. कंपनीने एक पैसाही जास्त दिलेला नाही. पुढच्या बैठकीत संचालक मंडळ लाभांश ६ वरून २ वर आणतं आणि ६० ला घेणाऱ्याच्या पदरात ३.३ टक्के पडतात. वर भाव आणखी घसरतो तो वेगळाच. थोडक्यात, यादीच्या माथ्यावर सगळ्यात उदार कंपन्या नसतात. ज्यांचा लाभांश टिकेल यावर बाजाराचाच विश्वास उरलेला नाही, त्यांची तिथे गर्दी असते. बाजार मूर्ख नसतो, निदान रोज नसतो.

जुना, सलग इतिहास बघून घ्यावं म्हणाल तर अमेरिकेतल्या वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या साखळीने सलग ४७ वर्षं लाभांश वाढवला होता. जानेवारी २०२४ मध्ये तिमाही ४८ सेंटचा २५ सेंट केला, जानेवारी २०२५ मध्ये थांबवलाच. इंटेल १९९२ पासून देत होती, २०२३ मध्ये एक तृतीयांशावर आणला आणि २०२४ च्या शेवटच्या तिमाहीपासून बंद. जनरल इलेक्ट्रिकने नोव्हेंबर २०१७ मध्ये २४ सेंटचे १२ केले, पुढच्याच वर्षी १२ चा १. एक सेंट! यातली एकही कंपनी कालपरवा उगवलेली नाही.

जमाखर्च

वजाबाकी, उदाहरणं पटली. पण कोकाकोलासारख्या कंपन्या साठ वर्षांहून जास्त काळ वाढवत आहेतच ना? म्हणजे इतिहासाला काहीच किंमत नाही असं म्हणता येणार नाही.

वजाबाकी

किंमत आहे. पण कोकाकोला तुमच्या वरच्या पंधरात आहे का? नसणार, कारण तिचं यील्ड तीनच्या आसपास घुटमळतं. जिथे सगळ्यांनाच खात्री आहे तिथे भाव चढा असतो आणि यील्ड लहान. खात्री आणि ९ टक्के दोन्ही हवं असेल तर ते कुणीही विकायला काढलेलं नाही.

आडवाटेने

वरच्या पंधरात अजून एक गफलत असते. संकेतस्थळं मागच्या बारा महिन्यांत जे वाटलं ते जसंच्या तसं मोजतात. त्यात एकदाच दिलेला विशेष लाभांशही येतो. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये शेअरमागे ३ डॉलर विशेष लाभांश दिला. त्या वेळी मागच्या वर्षाचं यील्ड बघून कुणी तो शेअर उत्पन्नासाठी घेतला असता तर पुढची कित्येक वर्षं वाट बघत बसला असता.

दुसरं उदाहरण वेदांता या खाण-धातू कंपनीचं. २०२२-२३ या आर्थिक वर्षात पाच अंतरिम (वर्ष संपायच्या आधीच दिलेले) लाभांश मिळून शेअरमागे १०१.५० रुपये वाटले. भाव तीनशेच्या खालीवर होता, म्हणजे यील्ड ३० टक्क्यांच्या वर दिसत होतं. पुढच्या वर्षी मिळाले २९.५०. वाईट नव्हे, पण आदल्या वर्षीच्या आकड्यावर ज्याने घरखर्च बेतला त्याचं काय? एवढं का वाटलं हेही बघायला हवं. लंडनमधल्या मूळ कंपनीच्या डोक्यावर कर्ज होतं, आणि निम्म्याहून जास्त शेअर तिचेच असल्याने लाभांशाचा मोठा वाटा तिकडेच जात होता. वाटणाऱ्याला स्वतःला पैशाची गरज असते तेव्हाही लाभांश भरघोस येतो. तुमची आणि त्याची गरज एका वेळी संपेल असं नाही.

खाणी, तेल, धातू, जहाज वाहतूक यांचा लाभांश त्या त्या मालाच्या भावाबरोबर नाचतो. या धंद्यांत सगळ्यात जास्त यील्ड दिसतं ते भरभराट संपत आलेली असते तेव्हा. हे शेअर वाईट नाहीत, माझ्याकडेही आहेत. फक्त त्यांच्या पैशाला पगार समजू नये.

मनकवडी

मी गेली बरीच वर्षं घरखर्चाचा मोठा भाग लाभांशातून काढते आहे, त्यामुळे 'हे होतच नाही' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. होतं. पण काकांनी मांडलंय तसं नाही.

पंधरा पुरेत का, या प्रश्नाबद्दल बोलते. सगळे मुद्दलाकडे बघून वाटणी करतात. प्रत्येक कंपनीत सारखे पैसे घातले की झालं, असं त्यांना वाटतं. उत्पन्नासाठी घेत असाल तर उत्पन्नाची वाटणी बघा. समजा दहा कंपन्यांत प्रत्येकी १ लाख घातले. आठ कंपन्या ४ टक्के देतात, दोन १८ टक्के. एकूण लाभांश ६८,००० आणि त्यातले ३६,००० त्या दोघींचे. म्हणजे मुद्दल पाचवा हिस्सा आणि घरात येणारे निम्म्याहून जास्त पैसे त्यांच्यावर टांगलेले. आणि या दोघीच सगळ्यात आधी हात आखडता घेणार. माझ्याकडे नियम असा आहे की कुठल्याही एका कंपनीकडून वर्षाच्या एकूण लाभांशाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त यायला नको. एका कंपनीने मधे एका तोट्याच्या वर्षात काहीच दिलं नाही, घरात कुणाला कळलंही नाही.

आणि पंधरा कंपन्या म्हणजे पंधरा वेगळे धंदे नव्हेत. यील्डच्या यादीत फिरून फिरून तेच येतात: बँका, तेल, कोळसा, वीज, तंबाखू. २०२० साली काय झालं आठवून बघा. मार्च संपता संपता युरोपीय मध्यवर्ती बँकेने युरो क्षेत्रातल्या बँकांना लाभांश देऊ नका म्हणून सांगितलं. बँक ऑफ इंग्लंडच्या नियामकाने सांगितल्यावर ब्रिटनमधल्या बड्या बँकांनी आधी जाहीर केलेला लाभांशसुद्धा रद्द केला, एचएसबीसीवर अवलंबून असलेले हाँगकाँगमधले छोटे भागधारक खवळले होते. एप्रिलमध्ये आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनेही बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश वाटायला मनाई केली. त्याच महिन्याच्या अखेरीस शेलने तिमाही लाभांश ४७ सेंटवरून १६ वर आणला, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. ऑगस्टमध्ये बीपीने निम्मा केला. ज्याच्याकडे निम्म्या बँका आणि निम्मं तेल होतं त्याचे पंधरा शेअर कागदावरच पंधरा होते. आणि लक्षात घ्या, त्यातल्या कित्येक बँका नफ्यात होत्या. पैसे होते, द्यायची परवानगी नव्हती.

उंटावरचा_शहाणा

आता माझी हजेरी. काका, राग मानू नका, पण झाड-फळांचं गणितच मुळात जुळत नाही. फळ तोडल्यावर झाड लहान होत नाही. शेअरचं होतं.

कंपनीच्या तिजोरीतून पैसे बाहेर गेले की कंपनी तेवढ्याने हलकी होते. म्हणून एक्स-डेटला (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) भाव साधारण लाभांशाएवढा खाली उघडतो (त्या दिवशीच्या बाकी चढउतारात ते नेहमी दिसत नाही, ते वेगळं). तुमच्याकडे १०० भावाचे १०,००० शेअर आहेत, म्हणजे १० लाख. कंपनी ४ लाभांश देते. हातात ४०,००० आणि शेअर ९६ चे, ९.६ लाख. आता दुसरी कंपनी काहीच देत नाही. तुम्ही ४०० शेअर विकता. हातात ४०,०००, उरले ९,६०० शेअर १०० भावाचे, ९.६ लाख. फरक सांगा.

हे माझं डोकं नाही, १९६१ मध्ये मिलर आणि मोदिग्लियानी या अर्थतज्ज्ञांनी मांडून ठेवलंय. कर आणि दलाली बाजूला ठेवली तर कंपनी लाभांश किती देते याने भागधारक श्रीमंत किंवा गरीब होत नाही, कंपनी कमावते किती त्याने होतो. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने त्यांच्या काळात एकदाच लाभांश दिला, १९६७ मध्ये, शेअरमागे १० सेंट. तिचे भागधारक उपाशी मेले असं ऐकिवात नाही.

म्हणून म्हणतो, चांगल्या कंपन्या किंवा सरळ इंडेक्स फंड (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड) घ्या आणि लागेल तेवढं दरवर्षी विका. 'विकायचंच नाही' ही शपथ कशासाठी?

मनकवडी

उंटरावांचं गणित बरोबर आहे, माणूस गणितात नाही. भाव १०० चा ५५ झालेला असताना ४०,००० साठी ४०० ऐवजी ७२८ शेअर विकायला लागतात. ते विकायला जो हात लागतो तो प्रत्येकाकडे नसतो. काही जण त्या भीतीने सगळंच विकून मोकळे होतात. लाभांश घेणाऱ्याला त्या महिन्यात बटण दाबावंच लागत नाही. शेअरची संख्या तेवढीच राहते.

उंटावरचा_शहाणा

पण पडत्या बाजारात कंपनीने तुमच्या वतीने तेच केलेलं असतं की! तिने तेव्हा रोख वाटली, ती वापरून स्वस्तातले स्वतःचेच शेअर परत घेतले असते तर उरलेल्यांचा फायदा झाला असता. बटण तुम्ही दाबलं नाही, संचालकांनी दाबलं.

मनकवडी

हो, दाबलं. आणि माझी झोप शाबूत राहिली. त्या झोपेची किंमत अर्धा-एक टक्का असेल तर मी ती राजीखुशीने देते.

वजाबाकी

दोघांचंही काही अंशी बरोबर आहे, आणि इथे एक गोष्ट राहतेय. लाभांश देणं संचालकांना बांधून ठेवतं. जॉन लिंटनर यांनी १९५६ मध्ये कंपन्यांच्या व्यवस्थापकांना विचारून दाखवलं होतं की ते लाभांश नफ्याबरोबर लगेच खालीवर करत नाहीत. वाढवलेला परत कमी करायची पाळी येऊ नये म्हणून हळूहळू वाढवतात. त्यामुळे नफा एका वर्षी घसरला तरी लाभांश सहसा टिकतो. नुकसानाची बाजूही यातूनच येते. कमी करायची लाज वाटते म्हणून झेपत नसताना देत राहतात, प्रसंगी कर्ज काढून. मग एक दिवस सगळंच एकदम कोसळतं. त्या दिवसाच्या आधी ते ओळखता येतं का, हा खरा प्रश्न. पुष्कळदा येतं.

जमाखर्च

वजाबाकी, ते कसं ओळखायचं तेवढं सविस्तर लिहाल का? मी पेआउट रेशो बघतो. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर ठीक, असं कुठेतरी वाचलं होतं.

वजाबाकी

लिहितो. पेआउट रेशो म्हणजे नफ्यातला किती भाग वाटला. अडचण अशी की लाभांश नफ्यातून नाही, रोकडीतून दिला जातो. नफा हा हिशेबनिसाचा आकडा, त्यात न आलेली उधारीही विक्री म्हणून धरलेली असते.

वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचं पान काढा, कॅश फ्लो स्टेटमेंट. एका काल्पनिक कंपनीचे आकडे घेऊ, कोटींत. नफा ७००, लाभांश ५५०, म्हणजे पेआउट ७९ टक्के, तुमच्या चाळणीतून पास. आता ते पान. पहिल्या भागात धंद्यातून आलेली रोकड: ९००. दुसऱ्या भागात यंत्रं, कारखाने यांवर खर्च: ५००. ती यंत्रं बदलली नाहीत तर धंदाच बंद पडेल, त्यामुळे तो टाळता येत नाही. उरले ४००. वाटले ५५०. मग १५० आले कुठून? तिसऱ्या भागात ओळ दिसते: नवीन कर्ज २००. झालं. भागधारकाला मिळालेल्या दर ५५ पैकी १५ बँकेकडून आलेत, आणि त्यावर कंपनी व्याज भरणार आहे.

एका वर्षी असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, मोठा कारखाना बांधत असतील. सलग तीन-चार वर्षं असंच असेल, कर्ज वाढत असेल आणि नफा जागच्या जागी असेल, तर लाभांशाचा निर्णय झालेला आहे, जाहीर व्हायचा बाकी आहे असं धरून चालावं.

एकच वर्ष बघायला वेळ असेल तर धंद्याचं सगळ्यात वाईट वर्ष काढा. २००९, २०२०, किंवा त्या धंद्याचं स्वतःचं मंदीचं वर्ष. तेव्हा किती दिलं? तेवढंच उत्पन्न धरून खर्च बसत असेल तर घ्या. वरचं सगळं बोनस समजा.

नवशिका

अतिशय माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. लाभांशाच्या आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, लाभांश घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा. दर आठवड्याला कुठली ना कुठली कंपनी देतेच. असं का करत नाहीत?

काथ्याकूट

करतात की. मग इथे येऊन धागा काढतात.

आडवाटेने

नवशिका, उंटरावांचं ९६ वालं गणित परत वाचा. भाव त्याच सकाळी उतरतो, त्यामुळे एका खिशातून दुसऱ्या खिशात, आणि मधे दलाली नि कर. लाभांशावर कर लागतो आणि भावातलं नुकसान वजा करून घेण्यावर बऱ्याच देशांत बंधनं असतात, नेमकी ही युक्ती रोखण्यासाठीच.

तारखा मात्र नीट समजून घ्या. रेकॉर्ड डेटला कंपनीच्या नोंदीत तुमचं नाव हवं. एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही तो दिवस. भारतात जानेवारी २०२३ पासून आणि अमेरिकेत मे २०२४ पासून सौदा एका दिवसात पुरा होतो, त्यामुळे या दोन्ही तारखा साधारण एकाच दिवशी येतात. एक्स-डेटच्या आदल्या दिवशीपर्यंत घेतलेला असला पाहिजे. त्याच दिवशी घेतला तर हुकला.

सातासमुद्रापार

कराचा विषय निघालाच आहे तर: यील्डची तुलना करताना हातात काय उरतं ते बघा. भारतात ३१ मार्च २०२० पर्यंत कंपनी लाभांश वितरण कर भरायची, त्यानंतर तो गेला आणि लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवून त्याच्या टप्प्याच्या दराने कर लागू झाला. ज्याचं उत्पन्न कमी त्याला हे बरं पडतं, वरच्या टप्प्यातल्याला चांगलंच झोंबतं. परदेशी शेअर असतील तर तिथेच आधी कापला जातो. अमेरिका भारतात राहणाऱ्याचा २५ टक्के कापते (दोन देशांतल्या कर-कराराचा अर्ज भरला नसेल तर ३०), स्वित्झर्लंड ३५, ब्रिटन साध्या शेअरवर शून्य. कापलेला कर करारातल्या दरापर्यंत आपल्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण त्यासाठी कागद वेळेत भरावे लागतात. ७ टक्क्यांचा परदेशी शेअर ५ टक्क्यांच्या इथल्या शेअरपेक्षा फायद्याचा असेलच असं नाही.

चक्रवाढ

इतके प्रतिसाद आले आणि वाढत्या लाभांशाचं कुणी बोललंच नाही! ८ टक्के स्थिर देणाऱ्या शेअरपेक्षा ३ टक्के देणारा पण दरवर्षी १० टक्क्यांनी लाभांश वाढवणारा शेअर कधीही सरस. महागाई वाढते, तुमचे ८ तिथेच राहतात.

जमाखर्च

चक्रवाढसाहेब, हा सल्ला मी सगळीकडे वाचतो, म्हणून आज कागद घेऊन बसलो. १०० गुंतवले. पहिल्या वर्षी ३, मग ३.३०, असं करत करत बाराव्या वर्षी वर्षाचा लाभांश ८ च्या पुढे जातो. पण तोवर मागे पडलेले पैसे भरून निघायला, म्हणजे एकूण हातात आलेली बेरीज ८ वाल्याच्या पुढे जायला, एकोणिसावं वर्ष उजाडतं. आणि एकोणीस वर्षं सलग दहा टक्के वाढ देणाऱ्या कंपन्या किती? माझं वय बघता हा हिशेब नातवंडांच्या कामाचा आहे.

चक्रवाढ

काका, निरुत्तर केलंत. तरी एक धरायचं राहिलं: ज्या शेअरचा लाभांश तिप्पट होतो त्याचा भावही साधारण त्या अंगाने वाढतो. ८ वाल्याचा भाव १०० च्या आसपासच राहतो, किंवा खालीही येतो. नुसत्या लाभांशाची बेरीज करून मुद्दल सोडून दिलंत.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे वाढलेल्या भावातले थोडे विकून एकोणीस वर्षं थांबायची गरज नाही. मी काय म्हणत होतो? ;)

वजाबाकी

वयाप्रमाणे दोन्हींचं मिश्रण करायचं. चाळिशीतल्या माणसाने जास्त यील्डच्या मागे जाऊच नये, त्याला आज पैसे नकोच आहेत, वर कर भरून तेच परत गुंतवत बसणार. काकांसारख्यांनी मधला पट्टा धरावा, ४ ते ६ टक्क्यांचा, ज्याचा लाभांश निदान महागाईइतका तरी वाढतो. त्याच्या वरचं जे काही असेल त्याला 'हे एवढं का मिळतंय?' असं विचारल्याशिवाय हात लावू नये. उत्तर सापडलं नाही तर सोडून द्यायचं.

आडवाटेने

त्या वरच्या पट्ट्यातलं एक उत्तर रीट (भाड्याने दिलेल्या इमारतींचे ट्रस्ट) आणि इनव्हिट (रस्ते, वीजवाहिन्या अशा प्रकल्पांचे ट्रस्ट) हे असू शकतं. अमेरिकेत रीटला करपात्र उत्पन्नाचा ९० टक्के भाग वाटावाच लागतो, भारतातही वाटण्याजोग्या रोकडीचा ९० टक्के. म्हणून यील्ड जास्त असतं, संकटामुळे नव्हे. पण इनव्हिटचं वाटप आलं की त्याची फोड वाचा. त्यात व्याज, लाभांश आणि 'भांडवलाची परतफेड' असे भाग असतात. रस्त्याच्या टोलचा करार ठरावीक वर्षांचा असतो, तो संपला की रस्ता सरकारचा. म्हणजे येणाऱ्या पैशात तुमचं मुद्दलही थोडं थोडं परत येतंय. त्याला पूर्ण उत्पन्न समजून खर्च केलं तर शेवटी हातात युनिट उरतं, किंमत उरत नाही.

सरकारी कंपन्यांबद्दलही विचारणारे येतील म्हणून सांगतो. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी किमान किती लाभांश द्यावा याची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: नफ्याच्या ३० टक्के किंवा नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा जाऊन उरतं त्याच्या) ठरावीक टक्के, जे जास्त असेल ते (२०१६ मध्ये ५ टक्के होतं, २०२४ मध्ये ४ केलं). तिजोरीला पैसे हवेत, त्यात आपलंही भागतं. पण त्याच मालकाच्या मनात उद्या एखादा तोट्याचा प्रकल्प त्या कंपनीच्या गळ्यात मारायचं आलं तर छोट्या भागधारकाला कुणी विचारत नाही.

मनकवडी

काकांचा तिसरा प्रश्न अनुत्तरितच राहिला, दरमहा रकमेचा.

कंपन्यांच्या तारखा जुळवून दर महिन्याला लाभांश यावा असा पोर्टफोलिओ लोक बांधतात. अमेरिकी कंपन्या तिमाही देतात, युरोपातल्या बऱ्याच वर्षातून एकदा, भारतात अंतरिम आणि अंतिम, तेही मनाला येईल तेव्हा. तारखेसाठी कंपनी निवडणं म्हणजे चुकीच्या कारणासाठी लग्न. मी सगळे लाभांश एका वेगळ्या बचत खात्यात जमू देते. त्या खात्याला दुसरा काही उद्योग नाही. एप्रिलमध्ये मागच्या वर्षी एकूण किती आले ते बघते, त्याचा दहावा हिस्सा कमी करते, उरलेल्याला बाराने भागते आणि तेवढी रक्कम दर महिन्याच्या एक तारखेला घरखर्चाच्या खात्यात आपोआप जाते. जास्त आले तर तिथेच साठतात. एखादं वर्ष खराब गेलं तर त्या साठ्यातून निघतं.

सुरुवातीला तो साठा नसतो, म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च ठेवीतून काढून तिथे ठेवायचा आणि पहिलं वर्षभर लाभांशाला हात लावायचा नाही. तुमच्याकडे ठेवी आहेतच.

आणि घरात अजून कुणाला तरी ही पद्धत एका कागदावर लिहून द्या. कुठल्या खात्यात काय येतं, नॉमिनी कोण, कुठल्या कंपनीत बँकेचा तपशील जुना आहे. न घेतलेले लाभांश सात वर्षांनी सरकारी निधीत वर्ग होतात, सलग सात वर्षांचे पडून असतील तर शेअरसुद्धा. परत मिळतात, पण कागदपत्रांनी जीव मेटाकुटीला येतो.

जमाखर्च

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस यादी घेऊन बसलो होतो. वरच्या पंधरातल्या चार कंपन्यांचं यील्ड विशेष लाभांशामुळे फुगलेलं निघालं. तीन कंपन्यांत वजाबाकींनी सांगितलेली कर्जाची ओळ सलग दिसली. दोन धातूच्या, त्या आडवाटेने यांच्या हिशेबाने 'पगार नव्हे' या रकान्यात, थोड्या घेईन. पंधरातल्या सहाच उरल्या आणि त्यातल्या तीन बँका! आता खालच्या पट्ट्यातून वेगळे धंदे शोधतोय. सरासरी यील्ड पाचाच्या आसपास येईल असं दिसतं. नऊचं स्वप्न सोडलं. ठेवींचं व्याज याहून जास्त आहे, हे खटकतंय मात्र.

वजाबाकी

खटकू द्या. ठेवीचा आकडा मुदतीपुरता ठरलेला आणि मुद्दल वाढणार नाही, इथे पाचाचे पुढे सात होण्याची शक्यता विकत घेताय आणि त्याबरोबर तीन होण्याचीही. म्हणून दोन्ही ठेवताय ते ठीकच आहे. ठेव मोडून इकडे आणू नका.

उरलेल्या सहातल्या वीज कंपनीचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वीजखरेदीचे करार कोणत्या वर्षी संपतात आणि नवा दर कोण ठरवतं एवढं आधी बघू, बँकांचं नंतर.

काथ्याकूट

या वेळी मारामारी झालीच नाही. पैसे परत.